ठासणीची बंदूक: सात महिने वापरल्यावर

माझं वावर यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. केळीचे कंद उकरायला रानडुकरं, मक्यात रोही, म्हणजे नीलगायी. फटाके आणि डबे बडवून दोन हंगाम काढले, मग ठासणीच्या बंदुकीच्या मागे लागलो. हिच्यात दारू नळीच्या तोंडातून घालून गजाने, म्हणजे लांब सळईने, ठासतात.

आर्म्स ॲक्ट 1959 च्या कलम 13 मध्ये पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे. परवान्यापायी चपला किती झिजल्या ते सांगत बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर तो तीनऐवजी पाच वर्षांचा मिळतो, तेवढंच सुख.

जवळ 12,000 रुपये. नवी त्यात बसेना, म्हणून परवानाधारक दुकानात जुनी एकनळी बघायला गेलो. सोबत वडिलांचे दोस्त, आबा. मी दस्त्याचं पॉलिश बघत होतो. आबांनी गज नळीत सोडला, तोंडाशी बोटाने खूण धरली, बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहिला. गज पार मागे, निपलपर्यंत (ठिणगीची टोपी बसते ते बोंड) पोचायला हवा होता, तो चार बोटं अलीकडेच थांबत होता. "भो, हिच्यात बार भरेल आहे," आबा म्हणाले. दुकानदाराचा चेहरा उतरला. कोण जाणे किती दिवस ती तशीच गिऱ्हाइकांच्या हातात फिरत होती! दुसरी बंदूक घेतली. हिच्यात गज टणकन वाजला, अर्ध्यावर चढवलेला घोडा चाप दाबूनही हलला नाही. निपल झिजलेलं होतं, ते तिथेच बदलून घेतलं.

डुकरावर गोळी झाडायची तर वनखात्याची परवानगी लागते. ती माझ्याकडे नाही, म्हणून नुसता आवाजाचा बार काढतो. आवाज जबरदस्त, डुकरं नाल्यापलीकडे जातात. पण बार एकच. पुन्हा दारू, तिच्यावर गुटका म्हणजे बोळा, ठासणं, टोपी. अंधारात हे सगळं होईपर्यंत रोही पुढच्या वावरात. आणि नुसत्या बारालाही हलकं समजू नका. मार्गशीर्षात एकदा धुमसता गुटका केळीच्या वाळक्या पानांत पडला. पाण्याची कळशी जवळ होती म्हणून निभावलं. आता बार उघड्या बांधावरूनच काढतो.

पावसाळ्यात फजिती ठरलेली. टोपी 'टक्' वाजते, पुढे काहीच नाही. अशा वेळी नळी मोकळ्या बाजूला धरून मिनिटभर गप्प उभं राहायचं, लगेच तोंडाशी डोकावायचं नाही. कधीकधी बार उशिरा निघतो.

खरा खर्च मात्र बार काढल्यानंतरचा. काळी दारू जळून निम्म्याहून जास्त भाग घनच उरतो. काही धुराबरोबर जातो, बाकीचा नळीत चिकटतो आणि हवेतली ओल ओढतो. रात्री बार काढला तर सकाळी चहाच्या आधी नळी धुवायची: उकळतं पाणी, साबण, कोरडं फडकं, वरून तेल. पाणी आधी शाईसारखं काळं येतं, सडक्या अंड्यासारखा वास मारतं. बायकोने त्या पातेल्याला वेगळा कोपरा दिलाय.

मध्ये आचारसंहिता लागली आणि बंदूक ठाण्यात जमा करावी लागली. नेमका हरभरा घाटे धरत होता. परत मिळाली तेव्हा नळीत तांबूस गंज. चूक माझीच, तेलाचा बोळा न फिरवता दिली होती. दोन संध्याकाळी घासतोय, गजाच्या टोकावरचं फडकं अजून लालच निघतंय.