पहाट, रात्र, रविवार की राजीनामा : नोकरी करत लिहिणाऱ्यासाठी एक तुलना

पूर्णवेळ नोकरी सांभाळून कथा, कविता किंवा कादंबरी लिहू पाहणारा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो : लिहायला वेळ कसा काढायचा? हा प्रश्न थोडा फसवा आहे, कारण दिवसात कोणाचाही नसलेला असा तास जवळपास नसतोच. लेखनाला दिलेला प्रत्येक तास कोणाच्या तरी वाट्यातून येतो. तो झोपेचा असतो, घरच्यांचा असतो, मित्रांचा असतो, क्वचित नोकरीचाही असतो. त्यामुळे पहाटे लिहावे, रात्री लिहावे, सुट्टीच्या दिवशी लिहावे, मिळेल त्या फटीत लिहावे की नोकरीच सोडावी, हे ठरवताना कोणत्या मार्गाने किती पाने होतात एवढेच पाहून भागत नाही. तो मार्ग कोणाच्या वाट्यातून वेळ घेतो आणि त्या व्यक्तीला याची कल्पना दिली आहे का, हेही पाहावे लागते.

पहाटेपासून सुरुवात करतो, कारण सर्वाधिक शिफारस याच वेळेची होते. अँथनी ट्रोलोप यांनी ब्रिटिश टपाल खात्यात तीन दशकांहून अधिक काळ नोकरी केली, १८६७ साली ती सोडली आणि आयुष्यभरात ४७ कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, घड्याळ समोर ठेवायचे आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द व्हायलाच हवेत असा दंडक पाळायचा, ही त्यांची पद्धत त्यांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे. तीन तासांच्या या बैठकीतला पहिला अर्धा तास ते आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात घालवत. इतके करूनही ते आठवड्यातून किमान दोनदा शिकारीला जात आणि क्लबात पत्ते खेळत. मात्र त्यांच्या वेळापत्रकाचे गोडवे गाणारे एक तपशील सहसा गाळतात : त्यांना उठवून कॉफी आणून देण्यासाठी एक नोकर होता आणि या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. आपली कॉफी आपणच करून घेणाऱ्याने ट्रोलोप यांच्या आकड्यांशी स्वतःची तुलना करू नये, हे बरे.

पहाटेची खरी किंमत पहाटे नव्हे, तर आदल्या संध्याकाळी मोजावी लागते. प्रौढ माणसाला किमान सात तासांची झोप लागते असे धरले, तर पाचला उठणाऱ्याला दहाच्या आत अंथरुणावर असायला हवे. म्हणजे उशिरा रंगणाऱ्या गप्पा, रात्रीची जेवणे, नाटकाचा किंवा चित्रपटाचा शेवटचा खेळ, हे सारे आठवड्यातल्या एखाद्या रात्रीपुरतेच उरते. ज्याचे मित्र रात्री नऊनंतरच मोकळे होतात, त्याला पहाटेचे लेखन फार महाग पडते. ज्याची माणसे घरातच आहेत आणि लवकर झोपतात, त्याला ते सर्वांत स्वस्त पडते. अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन न्यूयॉर्कमध्ये प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या आणि दोन मुलांना एकट्याने वाढवत होत्या. मुले उठून हाक मारायच्या आत जो वेळ मिळे तो लेखनाचा, या गरजेतून त्यांना पहाटेची सवय लागली आणि पुढे ती कायम राहिली. येथे मुलांच्या वाट्यातून काही घेतले जात नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अर्थात मूलच पाचला उठणारे असेल, तर हा सगळा विचार बाजूला ठेवावा.

रात्रीच्या लेखनाभोवती जे वलय आहे, ते बरेचसे फ्रान्झ काफ्का यांच्यामुळे. अपघात विमा संस्थेत नोकरी करणाऱ्या काफ्का यांनी १९१२ च्या सप्टेंबरमध्ये एक संपूर्ण कथा २२ तारखेच्या रात्री दहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा अशा एकाच बैठकीत लिहून काढली. पण त्यांचे कार्यालय दुपारी दोनला सुटत असे आणि दुपारची झोप हा त्यांच्या दिनक्रमाचा ठरलेला भाग होता. संध्याकाळी साडेसहा-सातला दमून घरी येणारा माणूस अकराला लिहायला बसतो, तेव्हा तो काफ्का यांची रात्र घेतो खरी, पण त्यांची दुपार त्याच्यापाशी नसते.

रात्र जमेल की नाही, हे नोकरीच्या स्वरूपावर फार अवलंबून असते. ज्याचा दिवस शब्दांतच जातो, म्हणजे शिक्षक, पत्रकार, भाषांतरकार, वकील किंवा दिवसभर ईमेलला उत्तरे देणारा कोणीही, त्याची भाषा रात्रीपर्यंत थकलेली असते. वाक्ये येतात, पण ती कार्यालयाची असतात. उलट ज्याचे काम हातांचे किंवा आकड्यांचे आहे, त्याला रात्री शब्दांची भूक लागलेली असू शकते. रचनाप्रकाराचाही प्रश्न आहे. एका बैठकीत पूर्ण होऊ शकेल अशी कविता किंवा छोटी कथा रात्रीला मानवते. महिनोन् महिने चालणारी कादंबरी तितकीशी नाही. काफ्का यांच्या तिन्ही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. त्याचे खापर केवळ रात्रींवर फोडणे अन्यायाचे होईल, पण रात्रीची पेटलेली बैठक लांब पल्ल्याच्या कामाला पुरत नाही, असे मात्र मला वाटते.

सामाजिक आयुष्याच्या दृष्टीने रात्र वरवर फुकट दिसते. सगळ्यांशी बोलून झाले, जेवणे झाली, लोक झोपले, आता आपण मोकळे. हा हिशोब चुकतो, कारण रात्री घेतलेली उसनवारी दुसऱ्या दिवशी फेडावी लागते आणि ती बहुधा भलत्यांनाच फेडावी लागते : सकाळी चिडचिड सोसणाऱ्या घरच्यांना किंवा अर्धवट काम पुरे करून देणाऱ्या सहकाऱ्याला. माझ्या मते पाचही मार्गांत रात्रीला तिच्या योग्यतेहून अधिक मान मिळालेला आहे.

सुट्टीच्या दिवशीची लांब बैठक अनेकांना सर्वांत शहाणपणाची वाटते. तिची पहाटेशी तुलना करताना थोडे आकडे मांडलेले बरे. लिहिण्याचा वेग तासाला ३५० शब्द धरू. आठवड्यातले पाच दिवस पहाटे एक तास बसणाऱ्याची पहिली दहा मिनिटे आदल्या दिवशीचे वाचण्यात जातात आणि उरलेल्या पन्नास मिनिटांत सुमारे ३०० शब्द होतात. आठवड्याचे १,५०० झाले आणि ८०,००० शब्दांच्या कादंबरीला सुमारे ५३ आठवडे लागले. रविवारी चार तास बसणाऱ्याला सहा दिवसांच्या खंडानंतर कथेत परत शिरायला चाळीस मिनिटे लागली, तर उरलेल्या वेळात ११६० च्या आसपास शब्द होतात आणि तीच कादंबरी सुमारे ६९ आठवडे घेते. हा फरक फार मोठा नाही. खरा फरक पडतो तो दिवस बुडाल्यावर. एक पहाट बुडाली तर ३०० शब्द जातात, पण एक रविवार बुडाला तर आठवडाच जातो, आणि पुढच्या रविवारी कथेतल्या माणसांची पुन्हा ओळख करून घ्यावी लागते. चारांतला एक रविवार लग्ने, आजारपणे, पाहुणे आणि प्रवास यांत गेला, तर ६९ चे ९२ आठवडे होतात. आणि चारांत एकच जाईल, हे गृहीतकही उदारच आहे.

शिवाय रविवार एकट्याचा नसतो. पहाटेच्या तासावर कोणी हक्क सांगत नाही, पण सुट्टीचा दिवस जोडीदाराचा, मुलांचा, आईवडिलांचा आणि मित्रांचाही असतो. तो सर्वांना एकाच वेळी मोकळा मिळतो, म्हणून तर त्याला मोल आहे. त्या दिवशी दार लावून बसणारा माणूस सर्वांत ठळकपणे गैरहजर असतो. ‘जरा वेळ लिहून येतो’ असे म्हणून आत जाणे आणि तीन तासांनी बाहेर येणे हा रविवारच्या लेखनाचा सर्वांत वाईट प्रकार होय, कारण बाहेरच्यांचा तेवढा वेळ वाट पाहण्यात जातो. सकाळी आठ ते अकरा असे ठरवून सांगितलेले तीन तास घरच्यांना सहज सोसतात. त्यातही घरात लहान मूल असेल, तर जोडीदाराला दुसऱ्या दिवशी तितकेच तीन तास, काहीही कारण न देता वापरता येतील असे, मिळायला हवेत. नाहीतर हे लेखन जोडीदाराच्या विश्रांतीवर चाललेले असते आणि पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेने त्याची भरपाई होत नाही. रविवारची बैठक एका कामासाठी मात्र अतुलनीय आहे आणि ते काम म्हणजे पुनर्लेखन. अख्खे प्रकरण सलग वाचून कथा कोठे रेंगाळते ते पाहणे पहाटेच्या तासाभरात साधत नाही.

फटींतल्या लेखनाबद्दल थोडक्यात. प्रवासात, जेवणाच्या सुट्टीत, दोन कामांच्या मध्ये लिहिणाऱ्यांचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकन कवी विल्यम कार्लोस विल्यम्स. ते पेशाने डॉक्टर होते आणि दोन रुग्णांच्या मधल्या वेळात, प्रसंगी औषधाच्या चिठ्ठीवरही कविता लिहीत. कविता, संवादाचे तुकडे, निरीक्षणे यांना ही पद्धत छान मानवते. कथानकाची बांधणी मात्र अशा तुकड्यांत उभी राहत नाही. माणसांत बसून फोनवर टिपणे घेण्याचा मोह येथे होतो आणि समोरच्याला आपण ऐकत नसल्याचेच दिसते. त्यापेक्षा उठून बाहेर जावे, दोन ओळी लिहाव्यात आणि परत यावे. कार्यालयाच्या लॅपटॉपवर कधीही लिहू नये, कारण अनेक नोकऱ्यांच्या करारांत कार्यालयीन वेळेत किंवा साधनांवर तयार झालेल्या मजकुराच्या मालकीविषयी कलम असते. करार एकदा नीट वाचून घ्यावा.

राहिला राजीनामा. कवी टी. एस. एलियट १९१७ पासून लंडनमधील लॉईड्स बँकेत नोकरीला होते. त्यांना बँकेतून सोडवण्यासाठी मित्रांनी वर्गणी जमवण्याची योजना आखली, पण एलियट वर्गणीच्या भरवशावर बाहेर पडले नाहीत. १९२५ मध्ये त्यांनी बँक सोडली ती प्रकाशनसंस्थेतली नोकरी धरून. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांचे उदाहरण उलट टोकाचे वाटते, पण तपशिलात ते तितके उलट नाही. पत्नीसह चालवलेला जॅझ बार बंद झाल्यावर रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहून त्यांनी दोन कादंबऱ्या पूर्ण केल्या, त्या १९७९ आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि त्यानंतर १९८१ मध्ये त्यांनी बार विकला. म्हणजे आधी लेखन सिद्ध झाले आणि मग वेळ मोकळा केला. नोकरीबरोबर एक तरी हस्तलिखित शेवटपर्यंत नेलेले नसेल, तर नोकरी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘वेळ नाही’ ही अडचण राजीनाम्याने सुटते, पण ‘शेवट करता येत नाही’ ही अडचण तशीच राहते आणि आता तिच्या जोडीला पैशाची चिंता येते. शिवाय नोकरी फक्त पगार देत नाही. न निवडलेली माणसे, त्यांची बोलण्याची ढब, त्यांचे हेवेदावे हे सारे ती रोज समोर आणून ठेवते. मुराकामी यांचे पुढचे आयुष्य लवकर झोपण्याचे, पहाटे उठण्याचे आणि निमंत्रणे नाकारण्याचे झाले. पूर्णवेळ लेखनाने माणसांसाठी आपोआप वेळ सुटतो, हा समज त्यामुळे तपासून घ्यावा.

या सर्व मार्गांत ‘सामाजिक आयुष्य’ हा एकच खर्च धरण्याची चूक होते. समारंभाला हजेरी लावणे, कार्यालयातल्या मंडळींबरोबर बाहेर जाणे आणि दोन-तीन जिवलगांशी बोलणे या तिन्हींची किंमत सारखी नाही आणि त्यांतून मिळणारे समाधानही सारखे नाही. जी. ए. कुलकर्णी इंग्रजीचे प्राध्यापक होते, लोकांत मिसळणे टाळण्याबद्दल प्रसिद्ध होते आणि तरीही त्यांच्या पत्रांचे खंड निघावेत इतका त्यांचा पत्रव्यवहार होता. त्यांनी माणसे टाळली नाहीत, गर्दी टाळली. हा भेद स्वतःपुरता करता आला, तर काय कापायचे ते ठरवणे सोपे जाते. नाकारण्याची रीतही महत्त्वाची आहे. ‘बघू, जमलं तर येतो’ यातून समोरच्याचा वेळ जातो आणि आपलाही. ‘या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी नक्की’ हे उत्तर मित्र बहुधा समजून घेतात, मात्र पुढच्या शनिवारी खरोखर जावे लागते. पहाटे लिहिणाऱ्याने समारंभाला सर्वांत आधी जाऊन सर्वांत आधी निघावे. यजमानाला येणारा पाहुणा लक्षात राहतो, निघणारा फारसा राहत नाही.

तर निवड अशी करावी. कादंबरी लिहायची असेल, नोकरी शब्दांची असेल आणि घरी लवकर निजण्याची रीत असेल, तर पहाट घ्यावी आणि महिन्यातला एक रविवार पुनर्लेखनासाठी घरच्यांकडून मागून घ्यावा. कविता किंवा छोट्या कथा लिहायच्या असतील, तर फटी आणि अधूनमधून एखादी रात्र पुरते. फिरत्या पाळ्यांची नोकरी असेल, तर घड्याळाचा नियम करू नये. झोपून उठल्यानंतरचा पहिला तास, मग तो कितीही वाजता येवो, लेखनाचा धरावा. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर काही काळ आठवड्याला दोनच बैठका ठरवाव्यात आणि त्या कमी आहेत म्हणून खंत करू नये.

निवडलेला मार्ग सहा आठवडे चालवून पाहावा आणि वहीत दोन रकाने ठेवावेत : एकात रोजचे शब्द, दुसऱ्यात त्या दिवशी कोणाला ‘नाही’ म्हटले त्याचे नाव. सहा आठवड्यांनी दुसरा रकाना आधी वाचावा. त्यात एकच नाव पुन्हा पुन्हा आले असेल, तर वेळापत्रक बदलण्यापूर्वी त्या व्यक्तीशी बोलावे. कोणता तास घेतलेला तिला चालेल, हे बहुतेक वेळा तिला आधीच ठाऊक असते.