तोंडाची आग: अमिट्रिप्टिलीन की ड्युलॉक्सेटिन?

दात-हिरड्या ठणठणीत, तरी सोलकढीचा घोट घेतला की जीभ पेटते. फोंड्याच्या मावशींना डॉक्टरांनी दोन नावं सांगितली. दोन्ही नैराश्याची औषधं, इथं मात्र मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी. गुण यायला दोन्हींना काही आठवडे लागतात.

अमिट्रिप्टिलीन स्वस्त. रात्री 10 मिलिग्रॅमपासून सुरुवात, झोपही लागते. पण तोंड कोरडं पडतं, आणि आग होणाऱ्या तोंडाला नेमकं तेच नको असतं! काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाचा त्रास असेल तर जपूनच.

ड्युलॉक्सेटिन तोंड कमी सुकवतं; सुरुवातीला मळमळतं, रक्तदाब वाढू शकतो. यकृत बिघडलेल्यांनी आणि रोज फेणी घेणाऱ्यांनी टाळावं.

झोप उडालेल्यांना पहिलं. दिवसा गुंगी न परवडणाऱ्यांना दुसरं. कोणतंही औषध बंद करताना डॉक्टरांना विचारून, हळूहळू.