झेनोडो: खाडीचा डेटा ठेवायला दीड वर्ष वापरतेय

मी ऐरोलीची, ठाणे खाडीच्या पाण्यावर पीएचडी चालू आहे. ओहोटी बघून पहाटे होडीतून सॅम्पल आणायचे, मग खारटपणा, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन सगळं एक्सेलमध्ये भरायचं. मागे माझी हार्ड डिस्क उडाली आणि आख्ख्या पावसाळ्याची रीडिंग गेली, तो पावसाळा काही परत मोजता येत नाही, म्हणून अगदी मनापासून लिहितेय.

झेनोडो म्हणजे संशोधनाचा डेटा ऑनलाइन जपून ठेवायची वेबसाइट. ती सर्नवाले (युरोपातली कणभौतिकीची मोठी प्रयोगशाळा) चालवतात, 2013 पासून आहे, फुकट आहे, एका रेकॉर्डला (म्हणजे एकदा टाकलेल्या फाइलींच्या संचाला) 50 जीबी मिळतात, आपल्याला भरपूर झाले. प्रत्येक रेकॉर्डला डीओआय, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक मिळतो, म्हणून पेपरमध्ये डेटाचाच संदर्भ देता येतो. मला सगळ्यात आवडलं ते व्हर्जनचं. पब्लिश केलेली फाइल सहसा गुपचूप बदलता येत नाही, चूक सापडली तर नवीन व्हर्जन टाकायचं, त्याला वेगळा डीओआय, जुनं जागेवरच राहतं. म्हणजे कोणी जुन्या आकड्यांवर पेपर लिहिला असेल तर त्याचा आधार सुटत नाही. खाडीतल्या कोळी लोकांच्या मुलाखती मात्र मी नावं-नंबर काढून, फाइल रिस्ट्रिक्टेड करून ठेवल्यात, माहितीचं पान सगळ्यांना दिसतं, फाइल हवी तर विचारावं लागतं.

पण नुसतं अपलोड करून काही होत नाही हां. माझ्या पहिल्या शीटमध्ये एक कॉलम होता 'टेम्प', पाण्याचं का हवेचं ते सहा महिन्यांनी मलाच आठवेना! रिकामा चौकोन म्हणजे मोजलंच नाही की शून्य आलं? 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च? आता तारीख 2024-04-03 अशीच लिहिते, फाइल सीएसव्ही (कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणारा साधा तक्ता), आणि सोबत रीडमी, म्हणजे डेटाची माहिती सांगणारी फाइल, त्यात प्रत्येक कॉलमचं एकक, मीटर कुठलं, ते कॅलिब्रेट कधी केलं (म्हणजे ते बरोबर मोजतंय का ते तपासून जुळवलं), सगळं. तारखेसारखं दिसणारं काहीही लिहिलं की एक्सेल आपोआप त्याची तारीख करतं म्हणून 2020 मध्ये काही जनुकांची नावंसुद्धा बदलावी लागली, मार्च1 चं मार्चएफ1 झालं, तेव्हा ही बारीक गोष्ट समजू नका.

माझ्याकडून पाचपैकी पाच. रीडमीला एक अख्खा दिवस द्या, शेवटच्या रात्री उरकू नका. वाशीच्या एका ज्युनियरने गेल्या महिन्यात माझी फाइल उतरवून ऑक्सिजनचा ग्राफ काढला, मला एकही फोन न करता.