माणसाळवण्याची पेटी: चार स्टार, आणि पाचवा का नाही ते

रानातली झाडं आणि प्राणी माणसाळत कसे बदलले हे दाखवणारी ही अभ्यासपेटी मुलीच्या प्रोजेक्टसाठी ऑनलाइन मागवली होती, पण खरं सांगू का, प्रोजेक्ट राहिला बाजूला आणि मीच दोन रात्री भिंग घेऊन बसले. आत येतं ते असं: रानगव्हाची सुकलेली ओंबी, शेतातल्या गव्हाची ओंबी, टिओसिंटीचं, म्हणजे मक्याच्या रानटी पूर्वजाचं कणीस, मक्याचं कणीस, रेशीमकिड्याचा कोष, भिंग आणि एक पुस्तिका.

सगळ्यात भारी म्हणजे त्या दोन ओंब्या. रानगव्हाची ओंबी बोटाने नुसती दाबली तरी तिचे तुकडे पडतात आणि दाणे खाली, कारण रानात दाणे झडलेच नाहीत तर पुढचं रोप उगवणार कुठून. शेतातली ओंबी मात्र हलवा, आपटा, सहजासहजी सोडत नाही, तिला मळावंच लागतं. आता दाणा जिथे दांडीला चिकटलेला असतो ती जागा भिंगातून बघा, रानातल्या दाण्याचा व्रण एकदम गुळगुळीत आणि शेतातल्याचा फाटका, खरबरीत. उत्खननात हजारो वर्षांपूर्वीचे जळके दाणे सापडतात तेव्हा ते रानातले की शेतातले हे अभ्यासक ह्याच व्रणावरून ओळखतात. हे वाचलेलं होतं मी, पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. न झडणारी ओंबी रानात टिकत नाही, पण कापून घरी नेणाऱ्याच्या हाती तीच जास्त लागायची आणि मग तीच परत पेरली जायची, असं पिढ्यानपिढ्या होत राहिलं.

टिओसिंटीचं कणीस बोटाएवढंही नाही, मोजून नऊ दाणे आणि कवच असं टणक की नखाने ओरखडा पण उठत नाही. मेक्सिकोत साधारण 9000 वर्षांपूर्वी ह्यातूनच मका घडायला लागला! शेजारी मक्याचं कणीस ठेवा, शेकडो दाणे, सगळे सालींत गच्च गुंडाळलेले, कोणी सोलून पेरल्याशिवाय ते स्वतःहून पसरूच शकत नाहीत. कोषाचं पण तेच, त्यातून निघणाऱ्या पतंगाला पंख असतात पण उडता येत नाही.

आता पुस्तिकेबद्दल. छपाई चांगली आहे, चित्रं सुंदर आहेत, पण पानोपानी एकच सूर, की माणसाने निसर्गावर ताबा मिळवला. अहो, पेटीतल्या वस्तू तर वेगळंच सांगतायत. मक्याला आपण लागतो हे खरं, पण आपल्याला पण मका आणि गहू सोडून जगता येत नाही, पेरणी, राखण, कापणी ह्या चक्रात आपणही बांधलो गेलो. माणसाळवणं हे दोन्हीकडून घडलंय, आणि कुत्र्याचं तर शेती सुरू व्हायच्या कितीतरी आधी.

दुसरं म्हणजे हत्तीला कुत्रा-गाईच्या रांगेत बसवलंय, ते मला अजिबात पटलं नाही. हत्ती बहुतेक रानातूनच पकडून आणले गेले आणि एकेकाला शिकवून माणसाची सवय लावली, म्हणजे तो एक हत्ती माणसाळला, त्याची जात नाही. गाईचं तसं नाही, तिचा अख्खा वंश बदलला आणि तिचा रानातला पूर्वज ऑरॉक्स 1627 मध्ये पोलंडमध्ये संपला, आता परतीची वाटच नाही. हा फरक मुलांना कळला नाही तर बाकी काय कळणार?

तिसरं, कोल्ह्यांचा प्रयोग. 1959 मध्ये सायबेरियात बेल्यायेव ह्या शास्त्रज्ञांनी फक्त माणसाला न घाबरणारे कोल्हे निवडत नेले आणि काही पिढ्यांत ते शेपूट हलवायला लागले, हे छान लिहिलंय. पण ते कोल्हे थेट रानातले नव्हते, कॅनडात फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांचे वंशज होते, म्हणजे माणसाने निवड करायला आधीच सुरुवात केलेली होती, आणि त्याचा उल्लेखच नाही. एक स्टार ह्या तीन गोष्टींसाठी कापला.

तरी घ्या असंच सांगेन, वस्तू अस्सल आहेत आणि पॅकिंग मजबूत. फक्त एक लक्षात ठेवा, रानगव्हाची ओंबी एकच येते आणि तुटली की परत जोडता येत नाही, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना गोळा करा आणि मगच तिला हात लावा.