फोर एलिमेंट्स मंक सुधारताना: जास्त पॉइंट द्यावेत का खर्च कमी करावा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग खेळाच्या २०१४च्या नियमांवर अजून खेळणाऱ्या टेबलांवर (खेळगटांत) हा प्रश्न आज ना उद्या निघतोच. कुणीतरी हौसेने 'वे ऑफ द फोर एलिमेंट्स'चा मंक, म्हणजे निसर्गतत्त्वांची शक्ती वापरणारा लढवय्या भिक्षू, घेतं. डोक्यात आग, पाणी, वादळ असतं. तिसऱ्या लेव्हलला 'वॉटर व्हिप' (पाण्याचा चाबूक) एकदा मारला की तीनांतले दोन की-पॉइंट (मंकच्या खास शक्तींचं इंधन) गेले, आणि उरलेली लढाई साध्या बुक्क्या मारत काढायची. खेळाडू हिरमुसतो आणि डीएमकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडे, बघतो. हाऊसरूल (टेबलाने स्वतः केलेला नियम) लागणार हे दोघांनाही कळलेलं असतं, प्रश्न फक्त कोणता एवढाच.

दोन उपाय सर्रास वापरले जातात. एकात विझ्डम मॉडिफायर (विझ्डम या गुणावरून ठरणारी बेरीज) की-पॉइंटमध्ये मिळवायचा, दुसऱ्यात पॉइंट तेवढेच ठेवून एलिमेंट्सच्या डिसिप्लिनचा (तत्त्वांच्या एकेका शक्तीचा) खर्च एकने उतरवायचा. दोन्ही मी डीएम म्हणून बरेच महिने चालवले आहेत.

पहिल्या उपायाचं कौतुक आधी करतो, कारण तो खरंच सुटसुटीत आहे. एका वाक्यात सांगून होतो, पुस्तक उघडावं लागत नाही. पाचव्या लेव्हलला विझ्डम १६, म्हणजे मॉडिफायर +३, असेल तर पाचाचे आठ पॉइंट होतात, म्हणजे जिथे चणचण जास्त तिथेच मदत जास्त. पुढे लेव्हल वाढेल तसा त्याचा वाटा आपोआप कमी होत जातो. तुमच्या टेबलावर शॉर्ट रेस्ट (खर्चलेले पॉइंट परत देणारी छोटी विश्रांती) क्वचितच मिळत असेल आणि एकामागून एक चकमकी होत असतील, तर हा उपाय पुरेसा ठरू शकेल.

माझं बिनसलं ते 'स्टनिंग स्ट्राइक'वरून. पॉइंटांचा साठा एकच असतो आणि वाढवलेले पॉइंट कुठे खर्च होतील हे आपल्या हातात राहत नाही. पाचव्या लेव्हलपासून एका पॉइंटात शत्रूला सुन्न करायची संधी मिळते, तीही लागलेल्या प्रत्येक फटक्यावर. मग दोन पॉइंट घालून पाण्याचा चाबूक कोण काढेल? माझ्या टेबलावर सहाव्या लेव्हलचा असा मंक एका तरुण हिरव्या ड्रॅगनसमोर उभा राहिला. सेव्हचा, म्हणजे वाचण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर गाठायचा, आकडा १४, ड्रॅगनचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह +६, म्हणजे एका प्रयत्नात सुन्न होण्याची शक्यता ३५ टक्के. 'फ्लरी ऑफ ब्लोज' (एका पॉइंटात बोनस म्हणून दोन फटके) धरून चारांतले तीन फटके लागले आणि तिन्हींवर पॉइंट घातला, तर ड्रॅगन सुन्न होण्याची शक्यता ७२ टक्क्यांच्या घरात जाते. मूळ सहा पॉइंटांत हा डाव पूर्ण जोराने एकदाच जमतो. नऊ पॉइंटांत दुसऱ्या फेरीतही जमतो. ड्रॅगनने अख्ख्या लढाईत एकदाही विषारी श्वास सोडला नाही. आणि ज्या खेळाडूसाठी हा नियम केला त्यानेही त्या रात्री एकही एलिमेंट वापरला नाही! आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार झाला.

यात खेळाडूचा काहीच दोष नाही. तो शहाणपणानेच खेळत होता. नियमच त्याला तिकडे ढकलत होता, आणि माझ्या मते हाऊसरूलमध्ये यापेक्षा मोठी खोट नसते.

एक फट आणखी आहे. विझ्डम २० (मॉडिफायर +५) असलेला क्लेरिक (पुरोहित) मंकच्या दोनच लेव्हल घेतो आणि थेट सात पॉइंट खिशात घालतो. मल्टिक्लास (एकाच पात्राने दोन वर्ग घेणं) चालत असेल तर ही बुजवून घ्या.

दुसऱ्या उपायाला थोडं बसून काम करावं लागतं. स्पेलवर (जादूच्या मंत्रांवर) बेतलेल्या बहुतेक डिसिप्लिनचा खर्च 'स्पेलची लेव्हल अधिक एक' असा ठरलेला आहे: बर्निंग हँड्सला दोन, शॅटरला तीन, फायरबॉलला चार. तो वरचा एक काढून टाकायचा, बस. 'रश ऑफ द गेल स्पिरिट्स' मात्र अपवाद. त्यातला 'गस्ट ऑफ विंड' दुसऱ्या लेव्हलचा असून मुळातच दोन पॉइंटांत मिळतो, म्हणून त्याला हात लावत नाही. जादा पॉइंट घालून स्पेल वाढवण्याची जी कमाल मर्यादा आहे, तीही एकने खाली आणा. नाहीतर नवव्या लेव्हलचा मंक चार पॉइंटांत बर्निंग हँड्स चौथ्या लेव्हलला नेऊन ठेवतो, आणि तेवढं आपल्याला द्यायचं नव्हतं.

'वॉटर व्हिप' आणि 'फिस्ट ऑफ अनब्रोकन एअर' स्पेलवर बेतलेले नाहीत, तिथे जरा सावध राहावं. हवेच्या ठोशाचं नुकसान ३डी१० (दहा बाजूंचे तीन फासे), म्हणजे सरासरी साडेसोळा, आणि सेव्ह जमला तरी निम्मं लागतंच. तिसऱ्या लेव्हलला हे एका पॉइंटात दिलं तर बाकीची पार्टी बघत बसेल. हे दोन्ही मी सहाव्या लेव्हलपर्यंत जुन्याच भावात ठेवतो. कुणी पाचवीपासून सूट देईल, त्यालाही माझी हरकत नाही.

हा उपाय तपशिलात किचकट आहे, हे खरं. पण सवलत फक्त एलिमेंट्सनाच मिळते, स्टनिंग स्ट्राइक होता तिथेच राहतो. टेबलावरचा फरक मला लगेच दिसला: सहाव्या लेव्हलला 'गाँग ऑफ द समिट' (शॅटर देणारं डिसिप्लिन) दोन पॉइंटांत मिळायला लागल्यावर तोच खेळाडू घोळक्यात घुसून शॅटर टाकू लागला, आणि ड्रॅगनलाही श्वास सोडायला मिळाला.

टेबल २०२४च्या नियमांवर जाणारच असेल तर यातलं काही करू नका. तिथे स्टनिंग स्ट्राइक टर्नला एकदाच आहे आणि एलिमेंट्सचा सबक्लास नव्याने रचलेला आहे.

खर्च कमी केल्याने मंक डोईजड होईल अशी शंका अनेकांना येते, तेव्हा अकरावी लेव्हल तपासून पाहा. अकरा पॉइंटांत फायरबॉल आधी दोनदा बसायचा, आता तीनदा बसतो, आणि त्यानंतर फ्लरी किंवा स्टनसाठी दोनच पॉइंट उरतात. त्याच लेव्हलला फीन्ड वॉरलॉककडेही (सैतानाशी करार केलेल्या जादूगाराकडेही) शॉर्ट रेस्टमागे तीनच स्लॉट (स्पेल टाकायच्या संधी) असतात, पण पाचव्या लेव्हलचे. त्याचा फायरबॉल १०डी६चा, मंकचा ८डी६चा.