दोन ट्रेमोलो: तार्रेगा आणि बारियोस

ट्रेमोलो या गिटारवादनाच्या तंत्रात अंगठा खर्जाच्या तारा सांभाळतो. अनामिका, मधलं बोट, तर्जनी एकच तार पाठोपाठ छेडतात आणि तुटक सूर अखंड वाहू लागतो. स्पेनच्या फ्रान्सिस्को तार्रेगाची (१८५२–१९०९) ‘रेकुएर्दोस दे ला आल्हाम्ब्रा’ ही रचना त्यासाठीच घरोघरी पोचली. ग्रानादाच्या आल्हाम्ब्रा राजवाड्याची ही आठवण ए मायनर या उदास छटेच्या स्वरमेळात सुरू होते. पुढे ए मेजर हा प्रसन्न स्वरमेळ उजळतो, तिथे माझा श्वास दरवेळी अडकतो.

पॅराग्वेच्या आगुस्तिन बारियोसची ‘उना लिमोस्ना पोर एल आमोर दे दियोस’ त्याच्या अखेरच्या वर्षातली, १९४४ची. नावाचा अर्थ, देवाच्या प्रेमाखातर भिक्षा. खाली खर्जात दारावरची टकटक सुरूच, वर सूर विनवतोय.

बोटं घडवायला आधी तार्रेगाच घ्या. रात्री एकट्यानं ऐकायला मात्र मला बारियोस हवा.