सॅम्युअल गाविथ फुल व्हर्जिनिया फ्लेक: ताजा डबा आणि मुरलेली बरणी

इंग्लंडमधल्या केंडल गावच्या या जुन्या कंपनीच्या पाइप तंबाखूचा 50 ग्रॅमचा डबा उघडला की हाताला आधी लागते ती ओल. पट्ट्या (फ्लेक, म्हणजे दाबलेल्या पानाचे काप) जाड, काळपट तपकिरी आणि एकमेकींना चिकटलेल्या. घाईनं सोडवायला गेलं तर फाटतात. आत निव्वळ व्हर्जिनिया पान आहे, दाबून आणि उष्णतेनं गडद केलेलं. पेरिक (दाबून आंबवलेला तंबाखू) नाही, लटाकिया (धुरावर वाळवलेला) नाही. पेरिकची मिरीसारखी चुणूक हवी असेल तर याच घरचा सेंट जेम्स फ्लेक घ्यावा.

या तंबाखूला फिका आणि जिभेला झोंबणारा म्हणणारे बहुतेक जण तो डब्यातून थेट पाइपमध्ये भरतात. मग तो सारखा विझतो, विझू नये म्हणून झुरके जोरात ओढले जातात, बाउल (पाइपची तंबाखू भरायची वाटी) तापतो आणि गरम वाफ जिभेवर येते. पाइपच्या दांडीत पाणी गुडगुडायला लागतं. यात पानाचा दोष नाही, ओलीचा आहे.

म्हणून आधी वाळवणं. एका भरणीला दोन ते अडीच ग्रॅम पुरतात. पट्ट्या सुट्या करून कोऱ्या कागदावर एका थरात पसराव्यात आणि तासभर ठेवाव्यात. हवा दमट असेल तर दोन तास. पट्टी वाकवल्यावर कडेला बारीक भेगा पडाव्यात, पण तिचा तुकडा पडू नये. चिमटीत दाबून सोडली की गोळा न राहता हळूहळू उलगडावी. कुरकुरीत होऊन भुगा पडायला लागला तर मर्यादा ओलांडली. चव पोकळ होते आणि जळणं भरभर होतं.

भरताना पट्टी पूर्ण चोळून मोकळी करण्यापेक्षा अर्धवट चोळलेली बरी. पूर्ण मोकळी लवकर पेटते पण गोडवा पटकन उडवते; नुसती घडी घालून कोंबलेली संथ जळते, पण हात बसलेला नसेल तर मध्येच गुदमरते. काडी लावण्याआधी एकदा हवा ओढून पाहावी. अडथळा जाणवला तर सगळं काढून पुन्हा भरावं. टॅम्परनं (तंबाखू दाबायच्या दट्ट्यानं) दाबून तो जात नाही, वाढतो. पहिली काडी फक्त वरचा थर काळा करण्यासाठी. तो फुगून वर येतो, तो हलकेच बसवला की दुसरी काडी.

चव सुरुवातीला पावाच्या खरपूस कडेसारखी, पाठीमागे वाळक्या गवताची छटा. बाउल अर्ध्यावर आला की मनुका आणि शिजवलेल्या अंजिराचा गडद गोडवा वर येतो. हा मधला भाग या तंबाखूचं खरं वैभव; इथं झुरका जितका लहान, तितकी चव मोठी. शेवटी मातकटपणा येतो. निकोटिन मध्यमाहून थोडं वरचं, उपाशीपोटी गरगरायला लावेल इतकं. तंबाखूचे धोके आणि व्यसन पाइपमध्येही आहेतच.

आता मुरवण्याचं. व्हर्जिनिया पान गरम भट्टीत वाळवतात. त्या प्रक्रियेत स्टार्चची साखर होते आणि ती पानात टिकून राहते. याच साखरेच्या जोरावर ते वर्षानुवर्षं बदलत राहतं. दोन वर्षांत कडा बोथट होतात, पाचेक वर्षांत वेगवेगळ्या चवी एकजीव होतात. लटाकियाचं उलट आहे: वय वाढतं तसा त्याचा धुरकट जोर ओसरतो. वरून सुगंध दिलेल्या मिश्रणांना मुरवण्यात फारसा अर्थ नाही, तो सुगंधच आधी विरतो.

पत्र्याच्या आयताकृती डब्याच्या हवाबंदीवर दहा वर्षांचा भरवसा ठेवू नये. रबरी कड असलेली काचेची बरणी घ्यावी. साधारण 240 मिलिलिटरच्या बरणीत एक डबा बसतो. बरणी आणि झाकण धुऊन पूर्ण कोरडं करावं, पट्ट्या न वाळवता ठेवाव्यात, तारीख लिहावी आणि बरणी अंधारात, थंड जागी सोडून द्यावी. हवा ओढून निर्वात करू नये. सुरुवातीच्या बदलांना आतला थोडा प्राणवायू लागतो. मुरताना वायू सुटतो, त्यामुळे झाकण उघडताना फुस्स झालं तर घाबरायचं कारण नाही. पट्टीवर चमकणारे कोरडे कण दिसले तर ते स्फटिक. मऊ, कापसासारखे तंतू आणि कोंदट वास आला तर बुरशी. ती बरणी पूर्ण टाकून द्यावी, वरचं काढून खालचं वापरू नये.

ताजा आणि मुरलेला शेजारी ठेवून चाखायचा असेल तर दोन्ही सारखे वाळवावेत. हे सहसा होत नाही: जुन्या बरणीतली पट्टी कोरडी झालेली असते, आणि कोरडेपणानं आलेल्या गोडव्याचं श्रेय वयाला मिळतं. पाइपही तटस्थ हवा. मक्याच्या कणसाचे दोन एकसारखे पाइप उत्तम. ब्रायरच्या लाकडी पाइपमध्ये आधीच्या मिश्रणाचा वास बसलेला असतो.

घ्यायचा तर दोन डबे एकदम घ्यावेत: एक आत्ता वाळवून ओढायला, दुसरा बरणीत. मुरवणीला एका मोठ्या बरणीपेक्षा लहान बरण्या बऱ्या, कारण एकदा उघडलेल्या बरणीतला साठलेला दरवळ काही आठवड्यांतच मंदावतो.